एका दुपारी पाव आणि विणकाम: काय निवडावं, कसं मोजावं, कुठे बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी पाव भाजायचा आहे, सुयांवर विणायलाही शिकायचं आहे आणि दोन्हींत मुलांना सोबत घ्यायचं आहे. विणलेल्या वस्तू स्वयंपाकघरातच वापरात याव्यात: ओटा पुसायचा रुमाल आणि गरम भांडं धरायचं जाड फडकं. अडचणी दोन: पाव आतून गिच्च राहतो आणि रुमाल विणता विणता रुंद होत जातो. दोरा कोणता घ्यावा, हेही विचारलं आहे.

दोन्ही कामं एका दुपारी छान जमतात. त्यासाठी कोणतंही काम मध्येच खाली ठेवून उठता आलं पाहिजे. बारा-पंधरा मिनिटं सलग मळायचा पाव आणि ओळीओळीचा हिशेब ठेवावा लागणारी जाळीची वीण एकत्र घेतली, तर पीठ चुकीच्या वेळी फुगून बसतं नाहीतर विणीतला टाका चुकतो. म्हणून पाव घड्या घालून तयार होणारा घ्यावा आणि वीण सगळ्या ओळी सुलट (दोरा मागे ठेवून घालायचा साधा टाका) असणारी. अर्ध्या तासाने एकदा उठायचं, मिनिटभर पिठाला हात लावायचा, हात धुऊन पुसायचे आणि पुन्हा सुया हातात घ्यायच्या. सुई खाली ठेवताना चालू ओळ मात्र पूर्ण करा. अर्ध्यात सोडलेल्या ओळीवर परतल्यावर नवख्या माणसाला कोणत्या दिशेने जायचं ते कळत नाही. तो उलट फिरतो आणि कापडाच्या मध्यात भोक पडतं.

पावासाठी मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३५० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम. पाणीही वजनावरच घ्या. मैद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रथिनं १२ ग्रॅम किंवा जास्त असतील तर हे प्रमाण बरोबर बसतं. १० ग्रॅमच्या आसपास असतील तर पाणी ३२० ग्रॅमवर आणा, नाहीतर गोळा आकार धरत नाही, ताटलीसारखा पसरतो. यीस्टसाठी घरच्या वजनकाट्यावर विसंबू नका. एक ग्रॅमच्या फरकाने दाखवणारा काटा चिमूटचिमूट टाकलेलं यीस्ट बऱ्याचदा टिपतच नाही. लहान चमचा (५ मिलिलिटरचा) सपाट भरून घेतला की इन्स्टंट यीस्ट सुमारे ३ ग्रॅम येतं.

मैदा, यीस्ट, मीठ एकत्र करून पाणी घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत हाताने कालवा. गुळगुळीत करायच्या मागे लागू नका. झाकून अर्धा तास ठेवा. या वेळात मैदा पाणी पितो आणि पिठातला चिवटपणा आपोआप तयार व्हायला लागतो, मळण्याचं अर्धं काम इथेच होतं. त्यानंतर अर्ध्या-अर्ध्या तासाने तीनदा घड्या घालायच्या. हात ओला करा, पिठाची एक कड धरून तुटायच्या आधीपर्यंत वर ताणा, समोरच्या बाजूवर दुमडा, भांडं पाव वळसा फिरवा. असं चार वेळा केलं की एक घडी पूर्ण. पहिल्या घडीला पीठ फाटतं, हाताला चिकटतं. ते तसंच असतं, वरून मैदा भुरभुरू नका. दुसऱ्या घडीला ते लांब ताणलं जातं. तिसऱ्या घडीला वर उचललेलं पीठ स्वतःचं वजन पेलतं आणि भांड्यात टाकल्यावर दोन-तीन मिनिटं गोळ्यासारखं बसून राहतं. तसं झालं नाही तर चौथी घडी घाला.

फुगणं किती झालं हे घड्याळावरून ठरवू नका. सरळ उभ्या कडांच्या काचेच्या किंवा पारदर्शक डब्यात पीठ ठेवा आणि सुरुवातीच्या पातळीवर बाहेरून दोऱ्याचा एक तुकडा बांधा. उरलेला सुती दोरा याला उत्तम आणि मुलांना हे काम आवडतं. पीठ त्या खुणेच्या पावणेदोन ते दोन पट उंच आलं की आकार द्यायची वेळ झाली. २५ अंशांच्या खोलीत कालवल्यापासून अडीच-तीन तास लागतात. २० अंशांच्या खोलीत त्याहून बरंच जास्त, ३० च्या पुढे बरंच कमी. उकाड्यात पाणी थंड घ्या. थंडीत कोमट चालेल, पण बोट सुखाने बुडवून ठेवता येईल इतकंच. ५५–६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं आणि मग कितीही थांबलात तरी पीठ वर येत नाही.

फुगलेलं पीठ ओट्यावर काढून कडा मध्याकडे आणा, पालथं घाला आणि दोन्ही तळव्यांनी स्वतःकडे ओढत वरचा भाग ताणून घ्या. चर्मपत्र कागदावर (बेकिंग पेपरवर) ठेवून झाकलं की ४०–५० मिनिटांत ते भाजायला तयार होतं. त्याच वेळी ओव्हन २३० अंशांवर लावून आत झाकणाचं जाड लोखंडी भांडं तापत ठेवा. झाकणाची मूठ प्लॅस्टिकची असेल तर ती २३० अंश सोसते का ते आधी बघून घ्या. गोळा तयार झाला का, हे कोरड्या मैद्यात बुडवलेल्या बोटाने कळतं. अर्धा सेंटिमीटर दाबा. खळगा लगेच उसळून भरला तर अजून थांबा. सावकाश आणि अर्धवट भरला तर भाजायला टाका. अजिबात भरला नाही तर उशीर झाला आहे, लगेच टाका. वर धारदार पात्याने एक सेंटिमीटर खोल चीर द्या, कागदासकट गोळा तापलेल्या भांड्यात उतरवा, झाकण लावून ३० मिनिटं आणि झाकण काढून साधारण १५ मिनिटं भाजा. झाकणामुळे पिठाचीच वाफ आत कोंडते, वरचं कवच पहिली काही मिनिटं मऊ राहतं आणि पाव फुगायला वाव मिळतो. असं भांडं नसेल तर ट्रेवर भाजा आणि खालच्या कप्प्यात उकळत्या पाण्याचं पसरट भांडं ठेवा. कवच जरा कमी खुसखुशीत येईल, बाकी फरक नाही.

आता गिच्चपणाचं. याची कारणं तीन आणि पाव कापून बघितला की ती वेगळी ओळखता येतात. मोठमोठी भुयारासारखी दोन-चार भोकं आणि मध्ये दाटून बसलेला भाग दिसला तर पीठ पुरेसं फुगलं नव्हतं. पुढच्या वेळी दोऱ्याच्या खुणेवर भरवसा ठेवा आणि अर्धा तास आणखी द्या. तळाशी ओलसर, दाबलेली रेघ दिसली तर भाजणं कमी पडलं. पाकातलं किंवा मांसासाठीचं टोचायचं थर्मामीटर घरात असेल तर पावाच्या पोटात ९६ अंश आल्याशिवाय बाहेर काढू नका. ते नसेल तर तळावर बोटाने वाजवून पोकळ आवाज येतो का ते ऐका, पण हा अंदाज कच्चाच. तिसरं कारण सगळ्यांत जास्त आढळतं आणि त्याकडेच दुर्लक्ष होतं: पाव गरम असताना कापला जातो. ओव्हनमधून निघाल्यावरही आतली वाफ बाहेर पडत असते आणि पिष्ट घट्ट होत असतं. तेव्हा सुरी घातली की आतला भाग सुरीला लगद्यासारखा चिकटतो. जाळीवर ठेवून पूर्ण तासभर थांबा. मुलांना तो तास जड जातो, म्हणून शेवटच्या पन्नासेक टाक्यांचं काम मुद्दाम त्या तासासाठी राखून ठेवा. चपटा, फिकट, आंबूस वासाचा पाव मात्र उलट दुखणं सांगतो: पीठ जास्त वेळ फुगलं. यीस्टने साखर संपवलेली असते, म्हणून कवचाला रंग चढत नाही.

विणकामाकडे वळू. दोऱ्याची निवड ही इथे सुरक्षिततेची बाब आहे, म्हणून आधी तीच. ओटा आणि भांडी पुसायच्या रुमालाला शंभर टक्के सुती दोरा. तो पाणी शोषतो, ६० अंशांच्या पाण्यात किंवा उकळूनही धुता येतो. अॅक्रिलिक पाणी शोषत नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलतं. गरम भांडं धरायच्या फडक्यात तर अॅक्रिलिक किंवा नायलॉनचा अंशही नको. तापलेल्या लोखंडाला लागलं की ते मऊ होतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. लेबल हरवलेला गुंडा असेल तर जाळून बघा. हे मोठ्या माणसाने, सिंकवर, चिमट्यात तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा धरून करायचं. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ती ज्योतीतून बाहेर काढल्यावर बहुतेक वेळा आपणच विझते आणि उरलेली काळी गोळी चिमटीत चुरडली जाते. अॅक्रिलिक भडकून जळतं, वितळून थेंब होतो आणि तो थंड झाल्यावर खड्यासारखा टणक राहतो. असा टणक मणी उरला तर तो दोरा स्वयंपाकघरातून बाहेर ठेवा, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

रुमालासाठी मध्यम जाडीचा सुती दोरा आणि ४ मिलिमीटरच्या सुया. सुईवरच्या नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा. जुन्या ब्रिटिश मापात ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन मापात ८ नंबर म्हणजे ५. शिवाय ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकन नंबर वाढला की जाड. दोन ठिकाणची माहिती वाचून विणणाऱ्यांची वस्तू भलत्याच मापाची होते, त्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. सुती दोरा ताणला जात नाही, त्यामुळे धातूच्या गुळगुळीत सुईवरून टाके घसरतात. बांबूच्या सुया शिकणाऱ्याला जास्त सोयीच्या.

तुमचा रुमाल रुंद का होतो? नव्याने विणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं हे होतं आणि दोष जवळजवळ नेहमी ओळीच्या पहिल्या टाक्यात असतो. ओळ संपवून काम फिरवलं की दोरा पहिल्या टाक्याच्या खाली, समोर लोंबत असतो. तो मागे नेताना सुईच्या वरून नेला, तर पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन पाय (फासाच्या दोन बाजू) वर येतात आणि ते दोन टाक्यांसारखे दिसतात. मग प्रत्येक पायात एक सुलट विणला जातो आणि दर ओळीला एक टाका वाढतो. काम फिरवल्यावर दोरा खाली ओढा, सुईच्या खालून मागे न्या आणि मगच सुई घाला. टाके ओळीच्या मध्ये वाढत असतील, सोबत लहान भोकंही दिसत असतील, तर दोरा चुकून पुढे राहतो आहे. तो सुईवर वेढा देतो आणि पुढच्या ओळीत तो वेढा टाका म्हणून विणला जातो. सुती दोऱ्यात तिसराही एक प्रकार होतो: दोऱ्याचे पदर उसवून सुई मधोमध घुसते आणि एका टाक्याचे दोन होतात. टोकदार सुई थोडी बोथट घेतली की हे थांबतं. दर चार ओळींनी टाके मोजा. सगळ्या ओळी सुलट असल्या की एक उंचवटा म्हणजे दोन ओळी, म्हणजे दर दोन उंचवट्यांनी एकदा मोजायचं. एक बाजू ‘समोरची’ ठरवून तिला सेफ्टी पिन लावून ठेवा.

माझ्या मते शिकणाऱ्याने सरळ चौकोन विणूच नये. एका कोपऱ्यातून सुरू करून दुसऱ्या कोपऱ्यावर संपणारा रुमाल विणावा. त्यात टाका वाढवणं आणि कमी करणं दोन्ही शिकून होतं, आणि किती टाके घालायचे याचा आधी हिशेब लागत नाही. चार टाके घाला, एक ओळ सुलट विणा. पुढे प्रत्येक ओळ अशी: २ सुलट, दोरा पुढे घेऊन सुईवर एक वेढा, मग शेवटपर्यंत सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेने भोकांची सुबक रांग येते. निम्मं झालं की प्रत्येक ओळ अशी: १ सुलट, २ टाके एकत्र सुलट, एक वेढा, पुन्हा २ एकत्र, शेवटपर्यंत सुलट. आता दर ओळीला एक टाका कमी होतो. पाच टाके उरले की हीच ओळ शेवटची, तिच्यानंतर चार राहतात. ते बंद करा.

निम्मं कधी झालं हे दोन तऱ्हांनी ठरतं. वजनकाटा ओट्यावर आहेच. गुंडा सुरुवातीला तोला, ५० ग्रॅम असेल तर तो २६–२७ ग्रॅमवर आला की कमी करायला लागा. दोन-तीन ग्रॅम गाठीशी राहू द्या, कारण शेवटच्या कोपऱ्यात दोरा संपणं फार जिवावर येतं. ठरावीक माप हवं असेल तर मधली, सर्वांत लांब ओळ ही चौकोनाचा कर्ण असते हे लक्षात ठेवा. २० सेंटिमीटर बाजूच्या रुमालाचा कर्ण सुमारे २८ सेंटिमीटर. तुमच्या विणीत १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसत असतील तर ५० टाक्यांपर्यंत वाढवा. २५ सेंटिमीटर बाजूला ३५ चा कर्ण, म्हणजे ६३ टाके. २० सेंटिमीटरच्या रुमालाला साधारण ३० ग्रॅम दोरा पुरतो. पहिल्या धुण्यात तो थोडा आटेल आणि टाक्यांचा कमी-जास्तपणाही बराच जुळून येईल, तेव्हा विणताना दिसणाऱ्या वाकड्यातिकड्या टाक्यांची काळजी करू नका.

भांडं धरायचं फडकं मात्र वेगळ्या तऱ्हेने करायचं. भोकांची वीण इथे अजिबात नको, टाक्यांमधल्या फटींतून उष्णता आणि वाफ थेट बोटांपर्यंत येते. सर्वांत चांगलं फडकं आटवलेल्या लोकरीचं होतं: सैल विणायचं आणि गरम पाण्यात घुसळून तंतू एकमेकांत गुंतवायचे, इतके की टाके दिसेनासे व्हावेत. त्यासाठी शंभर टक्के साधी लोकर लागते. ‘मशीनमध्ये धुता येते’ असं लेबल असलेल्या लोकरीवर ती आटू नये म्हणूनच प्रक्रिया केलेली असते, ती वापरली तर तासभर धुऊनही काही घडत नाही. पांढरीशुभ्र, ब्लीच केलेली लोकरही पुष्कळदा नीट आटत नाही.

आधी नमुना विणा, तो वगळू नका. ६ मिलिमीटरच्या सुयांवर २० टाके, २० ओळी, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट. मोजा, गरम पाण्यात आटवा, वाळवा, पुन्हा मोजा. समजा रुंदी १४ ची ११ सेंटिमीटर झाली आणि उंची १० ची ७. लोकर उंचीत जास्त आटते, तसंच इथे झालं आहे. तयार फडकं २० बाय २० हवं असेल तर रुंदी २० × १४ ÷ ११, म्हणजे साडेपंचवीस सेंटिमीटर, टाके ३६. उंची २० × १० ÷ ७, म्हणजे साडेअठ्ठावीस. फडकं दुहेरी करायचं असल्याने ५७ सेंटिमीटर लांब विणा, मधोमध दुमडा, तिन्ही उघड्या कडा त्याच लोकरीने शिवा आणि मग आटवा. एकेरी तुकड्याच्या कडा गुंडाळतात, दुहेरीत तो प्रश्न राहत नाही.

आटवायला मशीन ६० अंशांवर लावा, फडकं तोंड बांधलेल्या कापडी पिशवीत घाला (सुटलेले तंतू मशीनच्या जाळीत अडकतात) आणि घासायला एक-दोन जुन्या जीन्स सोबत टाका. मशीन मध्ये थांबवता येत असेल तर दर दहा मिनिटांनी बघा. आटलेली लोकर परत सैल होत नाही. ओली असतानाच चारी कोपरे ओढून सपाट करा आणि सावलीत वाळवा. वापरण्याआधी तपासा: तापलेल्या झाकणावर फडकं ठेवून वरून तळवा टेकवा, दहापर्यंत मोजा. तोवर चटका जाणवायला लागला तर ते २३० अंशांच्या भांड्यासाठी नाही, टेबलावर भांड्याखाली ठेवा. आणि फडकं ओलं असेल तर कधीच वापरू नका. ओल्या कापडातून उष्णता फार लवकर येते, वर पाण्याची वाफ होऊन भाजतं ते वेगळंच.

मुलांचं म्हणाल तर पाच-सहा वर्षांच्या मुलांना बोटांवरची वीण द्या, सुया साधारण सात-आठ वर्षांनंतर. त्यांच्यासाठी आखूड, ५ ते ६ मिलिमीटरच्या लाकडी सुया आणि फिक्या रंगाचा जाड दोरा. गडद दोऱ्यावर टाके दिसत नाहीत, मुलं कंटाळतात आणि आपण समजतो त्यांना आवड नाही. दहा टाक्यांच्या वर घालू नका, ओळ लवकर संपली पाहिजे. टाका सुटला तर काम सपाट ठेवायला शिकवा, ओढायला नाही. सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणता येतो. सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीत एक पायरी समोरून आणि पुढची मागून उचलावी लागते, नाहीतर तिथे उंचवट्यांची रांग तुटते. पाव भट्टीत जाताना आणि बाहेर येताना सुया आणि दोरा दुसऱ्या खोलीत असावा. जमिनीवर लोळणाऱ्या दोऱ्यात पाय अडकणं आणि हातात तापलेलं भांडं असणं, हे दोन्ही एका वेळी नको.

पीठ दोऱ्याला लागलंच तर चोळू नका. पूर्ण वाळू द्या, नखाने चुरून झटका आणि उरलेलं थंड पाण्याने काढा. गरम पाणी घातलं की पिठाची खळ होते आणि तो भाग कडक राहतो.